मदत हवी आहे: पोट उघडं असलेला ड्रेस घालून नाचायचंय, पण आरशात बघवत नाही

नमस्कार. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी कृपया हलवावा.

वय ४१. दोन वर्षांपासून बेली डान्स शिकतेय. दोन बाळंतपणं, दुसरं सिझेरियन. क्लासमध्ये आजवर ढगळ टीशर्ट आणि कमरेला गाठ मारलेली ओढणी यावर निभावलं. आता सहा आठवड्यांनी कार्यक्रम आहे आणि आम्ही आठही जणींनी बेदला घालायचा असं ठरलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मण्यांनी मढवलेली ब्रा, ओटीपोटाखाली बसणारा तसाच पट्टा आणि घोळदार स्कर्ट. मधलं सगळं मोकळं.

परवा दार लावून घालून बघितला. बेंबीच्या दोन्ही बाजूंना पांढरट चरे (स्ट्रेच मार्क्स) आहेत, उजेड तिरपा पडला की खाचाच दिसतात. टाक्यांच्या वर पोटाची एक घडी येते, ती पट्ट्याच्या काठावर येऊन बसते, भिंतीवर मांजर बसावं तशी. पाठीवर पुटकुळ्यांचे डाग. मग पोट आत ओढून उभी राहिले. बरं दिसलं! म्हटलं, असंच नाचून बघू. तर बेली रोल, म्हणजे पोटावरून लाट फिरवायची ती हालचाल, येईचना. दोन वर्षं घासून बसवलेली गोष्ट, आणि अंगातून गायब.

नवऱ्याला विचारलं तर "छान दिसतेस" म्हणाला. मोबाइलमधून मान न काढता.

विचारायचं असं: सहा आठवड्यांत चरे थोडेतरी कमी होतात का? मेकअप घामात टिकतो का? आणि मला झाकूनच नाचायचं असेल तर बाईंना कसं सांगू, सगळ्या एकसारख्या दिसायला हव्यात ना? 'स्वतःवर प्रेम करा' छापाचे सल्ले कृपया नकोत. तसलं एक मॅग्नेट आमच्या फ्रिजवर आहे, त्याखाली दुधाचं बिल असतं.

– गाठमारी

तिसरी_घंटा: आरसा कुठे होता आणि दिवा कुठे? मी प्रकाशयोजना करतो म्हणून विचारतोय.

गाठमारी: दिवा डोक्यावर, एकच. आरसा हातभर लांब.

तिसरी_घंटा: मग निम्मं उत्तर तिथेच आहे. वरून किंवा बाजूने येणारा उजेड प्रत्येक खाचेची सावली पाडतो. समोरून येणारा उजेड तीच त्वचा सपाट दाखवतो. त्यात जरा पिवळसर छटा मिसळली की आणखी मऊ दिसतं. शिवाय प्रेक्षक हातभर अंतरावर नसतात. चार-पाच मीटरवरून चरे दिसत नाहीत, मणी दिसतात. तुमच्याकडे दिवे कोण लावणार आहे त्याला आधी गाठा आणि "समोरून भरपूर, बाजूने कमी" एवढंच सांगा. नर्तकी दिव्यांबद्दल विचारत नाहीत, नंतर फोटो बघून रडतात.

स्पष्टच_सांगतो: एवढी लाज वाटते तर असला नाच करायचाच कशाला?

गाठमारी: काका, लाज वाटते पोटाची, नाचाची नाही. धागा मदतीचा आहे.

सुईदोरा: काकांना सोडा. तुमच्या वर्णनावरून मला त्वचेपेक्षा फिटिंगचा घोळ जास्त वाटतोय. मी नाचाचे कपडे शिवते. तयार बेदला कोणाच्याच मापाचा नसतो. पाठीवर वळकटी येत असेल तर ती पाठीची चूक नाही, ब्राचा पट्टा आवळ आहे. हुकांच्या जागी दोन इंच वाढवून घ्या आणि भार खांद्याच्या पट्ट्यांवर न टाकता खालच्या पट्ट्यावर टाका. मण्यांचं वजन कमी नसतं. घालून दोन्ही हात वर करा, पुढे वाका, उड्या मारा. काही सरकलं तर आधी तेच दुरुस्त करा. 'आता निसटेल' या धास्तीने माणूस अंग चोरतो आणि आपल्याला वाटतं की शरीर आवडत नाही म्हणून चोरतोय.

कमरेच्या पट्ट्याचा वरचा काठ टणक असेल तर घडी त्यावर बसणारच. काठाला आतून मऊ अस्तर लावा, मध्यभागी थोडा खाली उतरता कापा. सेफ्टी पिन आतून, आडवी, आणि वरून दोऱ्याचा टाका. नुसत्या पिनेवर विसंबू नका.

आता झाकण्याबद्दल. ताणणारी बारीक जाळी ब्रा आणि पट्ट्याच्या मध्ये लावता येते, लांबून ती कळतही नाही. यात कमीपणा मुळीच नाही. इजिप्त म्हणजे या नाचाचं माहेर, आणि तिथेच १९५० च्या दशकात पोट उघडं ठेवायला सरकारी बंदी आली. मग तिथल्या नामांकित नर्तकीही पोटावर जाळी लावून नाचल्या. एकच काळजी घ्या: 'स्किन कलर' म्हणून दुकानात जे मिळतं ते बहुतेकदा कोणा गोऱ्या बाईच्या स्किनचं असतं. कापड मनगटाला नव्हे, पोटाला लावून बघा आणि जुळलं नाही तर रंगवून घ्या. न्यूयॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेमने १९७४ मध्ये गुलाबी टाइट्स सोडून प्रत्येकीच्या वर्णाप्रमाणे टाइट्स आणि बूट रंगवायला सुरुवात केली, तेव्हा तुम्हीही खुशाल रंगवा.

मलमपट्टी: त्वचेचा दवाखाना चालवते, म्हणून त्यापुरतं लिहिते. पांढरे पडलेले चरे जुने असतात. सहा आठवड्यांत ते घालवणारं क्रीम नाही, पैसे वाचवा. लालसर, ताजे असते तर वेगळा विचार करता आला असता. उन्हात बसून रंग गडद करायच्या भानगडीत पडू नका. चऱ्यांवर रंग चढत नाही, आजूबाजूला चढतो आणि ते आणखी उठून दिसतात.

पाठीवरच्या पुटकुळ्या घाम आणि घट्ट सिंथेटिक कपड्याने वाढतात. सराव झाला की लगेच अंघोळ, कपडा रोज धुतलेला. बेंझॉइल पेरॉक्साइड वापरत असाल तर ते कापडाचा रंग उडवतं. उसना बेदला असेल तर सांभाळा!

मेकअप टिकतो. पाण्याने न जाणारा घ्यायचा, पातळ दोन थर लावायचे, वर पावडर दाबायची आणि ती बसल्याशिवाय कपडा चढवायचा नाही. पण आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून दोन दिवस बघा. केस काढायचे तर कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी, त्याच दिवशी नको, घामाने आग होते. टाक्यांची जागा खाजत किंवा दुखत असेल तर त्यावर काही न थापता डॉक्टरांना दाखवा.

आकडेमोड: एक भर. २००० साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला, त्यांना ओशाळवाणा वाटणारा टीशर्ट घालून इतर विद्यार्थी बसले होते त्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, जवळपास निम्म्या लोकांनी चित्र ओळखलं असणार. ओळखलं होतं जेमतेम पाव लोकांनी. तुमचं पोट म्हणजे टीशर्ट नव्हे, मान्य. तरी हिशेब तसाच लागेल असं वाटतं.

गिरकी: ताई, मी हा नाच शिकवते. तुमच्या पोस्टमधलं खरं दुखणं बेली रोलवाल्या ओळीत आहे. पोट आत ओढलं की श्वास वर छातीत अडकतो, स्नायू आधीच आवळलेले असतात, मग लाट उठणार कुठून? जे पोट लपवायचंय तेच या नाचात वाजवायचं वाद्य आहे. सडपातळ मुलींना मी महिनोन्‌महिने 'पोट सोड' म्हणून ओरडत असते.

बेदला शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नका. आजपासून रोज घाला, आरशाकडे पाठ करून. नाचलंच पाहिजे असं नाही, घरात वावरा. आठवड्याने फोन खोलीच्या पलीकडच्या टोकाला ठेवून व्हिडिओ काढा आणि दुसऱ्या दिवशी बघा, त्याच रात्री नको. बघताना फक्त पावलं आणि ताल तपासायचा.

बाईंना सरळ सांगा: "मी नाचणार आहे, पण पोटावर जाळी लावून." परवानगी मागितल्यासारखं नको. एकसारखं दिसणं महत्त्वाचं असेल तर आठही जणींना जाळी लावता येते. बहुधा आणखी दोघीतिघी सुटकेचा नि:श्वास टाकतील. त्यांच्यात कोणी वीस वर्षांचीही असेल. किंवा सईदी बसवा, काठी घेऊन करतात ते. त्यात पायघोळ झगाच असतो.

अजून दोन गोष्टी. स्टेजवर जाईपर्यंत वरून मोठा झगा पांघरायचा, आम्ही सगळ्याच पांघरतो. मण्यांच्या ब्रामध्ये विंगेत ताटकळणं कोणालाच आवडत नाही. आणि फोटो-व्हिडिओ कोण काढणार, कुठे टाकणार, हे आधीच ठरवून घ्या. माझ्या विद्यार्थिनींना प्रेक्षकांपेक्षा दुसऱ्या दिवशी फिरणाऱ्या व्हिडिओची भीती जास्त असते.

गाठमारी: (बारा दिवसांनी) सगळ्यांचे आभार, उशीर झाला. ब्राचा पट्टा वाढवला, पाठीची वळकटी खरंच गेली. मी उगाच इतके दिवस पाठीला शिव्या देत होते. चऱ्यांचा नाद सोडला. बाईंशी बोलले. 'परवानगी मागितल्यासारखं नको' हे जमलं नाही, "चालेल का?" तोंडातून निघालंच. बाई म्हणाल्या, "अगं, मग आधी का नाही बोललीस?" चौघी जाळी लावणार आहोत. माझी पट्ट्यापासून बेंबीच्या वर चार बोटं, तिथून पुढे मोकळं. पूर्ण झाकावं असं आता वाटत नाही, पूर्ण उघडं टाकण्याइतकीही हिंमत नाही.

बेली रोल परत आला. अजून रोज येतो असं नाही.

रोज संध्याकाळी अर्धा तास बेदल्यात कपड्यांच्या घड्या घालते. पहिल्या दिवशी मुलगा दारातच थबकला. चौथ्या दिवसापासून मान वर करत नाही. फक्त मण्यांच्या आवाजात टीव्ही ऐकू येत नाही म्हणून कुरकुरतो.