विश्वासातले अधिकारीच परग्रहवासी निघाले तर कॅप्टनने ओळखायचं कसं?

शेवटचा_थांबा

स्टार ट्रेक या अंतराळ मालिकेवाले आहेत का कोणी इथे? नेक्स्ट जनरेशनचा पहिला सीझन परत बघतोय आणि कॉन्स्पिरसी या एपिसोडवर अडकलोय, १९८८ चा, सीझनमधला शेवटून दुसरा. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एंटरप्राइज जहाजाचा कॅप्टन पिकार्ड, त्याला त्याच्या जुन्या मित्राचा, कॅप्टन वॉकर कीलचा, कोड ४७ चा मेसेज येतो, म्हणजे फक्त कॅप्टनने एकट्याने बघायचा, लॉगमध्येसुद्धा नोंद करायची नाही. मग पिकार्ड एका ओसाड खाणीच्या ग्रहावर एकटा उतरतो, तिथे कील आणि अजून दोन कॅप्टन फेझर (किरणांची बंदूक) रोखूनच उभे. त्यांचं म्हणणं, स्टारफ्लीटच्या, म्हणजे त्यांच्या अंतराळ दलाच्या, वरच्या लोकांमध्ये काहीतरी भयंकर शिजतंय, ओळखीची माणसं ओळखीची राहिली नाहीयेत.

मला सगळ्यात आवडला तो सीन इथलाच आहे. कील सहज बोलल्यासारखं जॅक आणि बेव्हर्ली क्रशर या जोडप्याचा विषय काढतो आणि म्हणतो माझ्या भावाने त्या दोघांची ओळख करून दिली होती ना, आणि पिकार्ड ताडकन म्हणतो तुला भाऊच नाही, दोन बहिणी आहेत, आणि ओळख तू स्वतः करून दिलीस. झालं, फेझर खाली. कुठलं यंत्र नाही, स्कॅन नाही, फक्त जुनी मैत्री.

पुढे कळतं की किड्यासारखे परजीवी माणसाच्या शरीरात शिरून मेंदूचा ताबा घेतात आणि बाहेर खूण एकच, मानेवर मागे श्वासासाठी आलेलं छोटंसं टोक. अ‍ॅडमिरल क्विन पण त्यातलाच निघतो, ज्याने आधीच्या एका एपिसोडमध्ये पिकार्डला स्वतःहून सावध केलं होतं!! हे बघून मला खरंच वाईट वाटलं.

तर प्रश्न असा की कॅप्टनच्या जागी तुम्ही असाल तर कशावर भरवसा ठेवाल? मला तरी वाटतं जुन्या आठवणीचा प्रश्न हीच सगळ्यात पक्की परीक्षा. तुमचं काय मत?

गच्चीवरून

एपिसोड छान निवडलास. पण आठवणीच्या परीक्षेला मी एवढे मार्क देणार नाही, कारण ती फक्त तुझ्या जवळच्या चार माणसांपुरती चालते, अख्ख्या स्टारफ्लीटमध्ये पिकार्डचे बालमित्र थोडेच बसलेत. माझ्या मते खरा शोध डेटा, म्हणजे पिकार्डच्या जहाजावरचा यंत्रमानव अधिकारी, लावतो आणि त्या सीनबद्दल कोणी बोलतच नाही. कीलचं जहाज उडवलं जातं, नुसते तुकडे तरंगताना सापडतात, आणि त्यानंतर पिकार्ड डेटाला बसवतो मागच्या सहा महिन्यांच्या स्टारफ्लीटच्या सगळ्या ऑर्डरी वाचायला. प्रत्येक ऑर्डर सुटी बघितली तर काहीच वावगं नाही, कोणाची बदली, कोणाला नवीन पोस्टिंग, कुठलं जहाज इकडून तिकडे. पण सगळ्या एकत्र मांडल्यावर दिसतं की ठरावीक भागांवर पकड बसवायचं काम पद्धतशीर चाललंय.

मला हे फार खरं वाटतं. वरच्या हुद्द्यावरचा माणूस ताब्यात घ्यायचा तो कशासाठी, त्याच्या सहीसाठीच ना! खालच्या शंभर जणांच्या मानेत किडे घालत बसायची गरजच नाही, ते तसंही वरून आलेला हुकूम पाळणारच. म्हणून चेहरा बघू नका, हुकूम बघा. माणूस हुबेहूब असेल पण तो जे करायला लावतोय त्यावरून तो उघडा पडतो.

मृणाल_क

दोघांनीही डीप स्पेस नाइन, स्टार ट्रेकचीच अंतराळ स्टेशनवरची मालिका, बघितलंय की नाही माहीत नाही पण या विषयावर ती मालिका फार पुढे गेली आहे. तिथे परजीवी नाहीत, तिथे चेंजलिंग आहेत, कोणाचंही रूप घेणारे. आणि आठवणीच्या परीक्षेचं म्हणाल तर तिथल्या डॉक्टर बशीरचं उदाहरण बघा. १९९७ च्या बाय इन्फर्नोज लाइट या एपिसोडच्या सुमाराला कळतं की खरा बशीर महिनाभराहून जास्त काळ शत्रूच्या कैदेत होता, अंगावर युनिफॉर्मसुद्धा जुना, आणि स्टेशनवर फिरत होता तो नकली. ओब्रायन त्याचा जिवलग मित्र, रोज भेटणारा, त्यालासुद्धा शंका आली नाही. मधल्या काळात स्टेशनचा प्रमुख सिस्को, त्याच्या मेंदूचं ऑपरेशन झालं ते पण हिशोब लावला तर त्या नकली डॉक्टरनेच केलं, आणि नीट केलं! काय विचारणार होतात तुम्ही अशा माणसाला?

रक्ताची तपासणी पण तशीच. चेंजलिंगचं रक्त शरीराबाहेर आलं की परत मूळ चिकट द्रवाच्या रूपात जातं म्हणून सगळ्यांचं रक्त काढायला लागले, तर मार्टोक नावाचा सेनापती सगळ्यांसमोर स्वतःचा हात कापून दाखवतो, आणि नंतर कळतं की तो मार्टोकच नकली होता. सिस्कोचे वडील न्यू ऑर्लिन्समध्ये हॉटेल चालवणारे साधे म्हातारे गृहस्थ, ते म्हणतात हुशार असेल तर तो कोणाचं तरी रक्त आत साठवून ठेवेल आणि सुई टोचली की तेच बाहेर सोडेल. अ‍ॅडमिरल लोकांना जे सुचलं नाही ते त्यांना सुचतं.

आणि गच्चीवरून, हुकूम बघा हे मला पटतं पण त्यात एक मोठी अडचण आहे. होमफ्रंट आणि पॅराडाइज लॉस्ट, १९९६ चे जोड एपिसोड. अँटवर्पला बॉम्ब फुटतो, मग पृथ्वीची वीज जाते, सगळे घाबरतात, रस्त्यावर सैनिक उभे राहतात. आणि ती वीज घालवलेली असते अ‍ॅडमिरल लेटनने, निवडक कॅडेट्सना हाताशी धरून! हा लेटन चेंजलिंग नाही, शंभर टक्के माणूस आहे, सिस्कोचा जुना वरिष्ठ, आणि मनापासून समजतो की आपण पृथ्वी वाचवतोय. म्हणजे हुकूम संशयास्पद आहेत पण देणारा आपलाच. आणि खरा चेंजलिंग ओब्रायनच्या रूपात येऊन सिस्कोला सांगतो की पृथ्वीवर आम्ही फक्त चौघे आहोत, आणि बघ केवढा गोंधळ उडालाय. तो सीन बघून माझ्या अंगावर अजून काटा येतो.

जुनी_टेप

मृणालताईंच्या मुद्द्याला जोडून. कॉन्स्पिरसीचा लेखक ट्रेसी टॉर्मे, त्याच्या मूळ कल्पनेत किडे नव्हतेच, स्टारफ्लीटमधलेच लोक कट करतात अशी गोष्ट होती. स्टार ट्रेकचा निर्माता जीन रॉडनबेरी, त्याला ते मान्य नव्हतं, स्टारफ्लीटची माणसं असं वागणार नाहीत म्हणून, त्यामुळे दोष परग्रहवाल्यांवर गेला. म्हणजे लेटनची जी गोष्ट १९९६ ला दाखवली ती १९८८ ला दाखवायची होती असंच म्हणा ना.

पण मला वेगळंच बोलायचंय, कॉन्स्पिरसीमधल्या रेमिकबद्दल. त्याचं डोकं फुटतं तो सीन सगळ्यांना आठवतो, त्या एपिसोडला मेकअपचं एमी पारितोषिक मिळालं वगैरे सगळं ठीक. पण तो माणूस कोण होता? त्याआधीचा कमिंग ऑफ एज हा एपिसोड बघा. क्विनसोबत एंटरप्राइजची चौकशी करायला आलेला खडूस अधिकारी, सगळ्यांना नको नको ते प्रश्न विचारून हैराण करतो, आणि चौकशीत काही सापडत नाही. आणि जाताना म्हणतो काय, की माझी या खात्यातली मुदत सहा महिन्यांनी संपतेय, मग मला याच जहाजावर काम करायला आवडेल. बिचारा इमानदार माणूस होता हो. नंतर भेटतो तेव्हा त्याच्या पोटात त्या किड्यांची आई बसलेली असते आणि पिकार्ड आणि त्याचा दुय्यम अधिकारी रायकर दोघे मिळून त्याला जाळून टाकतात. क्विन बरा होतो, रेमिक नाही. आणि त्याच्यासाठी कोणी एक शब्द बोलत नाही, एपिसोड सरळ त्या सिग्नलवर जातो जो किड्यांनी आकाशगंगेच्या अनोळखी भागात पाठवलेला असतो, ज्याचं टीव्हीवर पुढे कधी काही झालंच नाही. आपण याला फितुरीची गोष्ट म्हणतो पण यात फितूर कोणीच नाहीये, ज्यांना मारलं ती आपलीच माणसं, आत अडकलेली. मला वाटतं कॅप्टनने ओळखायचं कसं याच्याइतकाच मोठा प्रश्न, ओळखल्यावर करायचं काय.

शेवटचा_थांबा

जुनी टेप, रेमिकचं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, कमिंग ऑफ एज आज परत लावतो. मृणाल, बशीरचं उदाहरण एकदम जबरदस्त आहे, आठवणीच्या परीक्षेला त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एक मात्र अजून म्हणेन, क्विन सापडला तो बोलण्यावरूनच. पिकार्ड त्याला आधीच्या इशाऱ्याची आठवण देतो तर क्विन म्हणतो छे, मी तर फेडरेशनमध्ये, म्हणजे ग्रहांच्या संघात, नवीन लोक सामावून घेताना येणाऱ्या अडचणींबद्दल बोलत होतो. शब्द आठवत होते पण तेव्हाची कळकळ कुठेच नव्हती आणि पिकार्डला तेवढ्यावरून कळलं. किड्यांना नक्कल नीट जमत नव्हती, चेंजलिंगना जमते, एवढाच फरक असेल का?

डीप स्पेस नाइन मी पूर्ण बघितलेलं नाही. हे जोड एपिसोड आधीचं काही न बघता कळतील का?

मृणाल_क

कळतील. फक्त त्याआधी तिसऱ्या सीझनचा शेवटचा, द अ‍ॅडव्हर्सरी, तेवढा बघ. त्यात चेंजलिंग एका राजदूताचं रूप घेऊन जहाजावर येतो आणि जहाज छोटं असल्यामुळे संशय कसा पसरतो ते फार छान दाखवलंय. मग होमफ्रंट, मग पॅराडाइज लॉस्ट, हे दोन सलग बघ, मध्ये थांबू नकोस. सिस्कोच्या वडिलांचा सीन झाला की इथे येऊन लिही.