रताळ्याचा वेल पिवळा पडला की आधी माती तपासायची की फवारायचं?

काळंरान, हवेली
आमच्याकडे वेल जरा पिवळा दिसला की गडी दुकान गाठतो. मायक्रोन्युट्रिएंटची (लोह, बोरॉन अशा सूक्ष्म अन्नद्रव्यांची) बाटली, वर युरियाची गोणी. माझं मत: माती परीक्षणाशिवाय बाटलीला हात लावू नये. मृदा आरोग्य पत्रिका, म्हणजे माती तपासून मिळणारं सरकारी कार्ड, 2015 पासून आहे, त्यात 12 घटक तपासून मिळतात. चाचणीची प्रयोगशाळा पुण्यातच आहे. मग अडतंय कुठे?

इंद्रायणीकाठ
अडतंय वेळेवर. रिपोर्ट येईपर्यंत वेल थांबतो का? पान वाचा की राव. खालची जुनी पानं सरसकट फिकी पडली तर नत्र (नायट्रोजन) कमी. जुन्याच पानांच्या कडा करपल्या तर पालाश (पोटॅश). शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह. उसाला केवडा पडतो तसंच दिसतं. अर्धा टक्का हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) फवारला की नवी फूट हिरवी येते.

काळंरान, हवेली
येते, आणि त्यानंतरची पुन्हा पिवळी! पान फक्त काय कमी पडतंय ते सांगतं, का ते नाही. सामू (मातीचा पीएच) 8 च्या वर असला तर जमिनीत लोह असूनही मुळाला मिळत नाही. तिथे नुसता हिराकस मातीत टाकणं म्हणजे पैसे मातीत. शेणखतात मुरवून द्यावा लागतो, नाहीतर ईडीडीएचए चिलेट, म्हणजे चढ्या सामूतही मुळाला मिळणारं लोह.

इंद्रायणीकाठ
सगळा खेळ चुनखडीचा, तिच्यामुळेच सामू चढतो. तुमच्या त्या 12 घटकांत चुनखडी आहे का? नाही! ती वेगळी सांगून तपासून घ्यावी लागते, आणि हे किती जणांना ठाऊक आहे?

मुळशीकर
तुमचं दोघांचं भांडण काळ्या रानाचं. आमची तांबडी, पावसाने धुतलेली, सामू आम्लाकडे. इथे लोहाचं दुखणं नाही, पालाशचं आहे. तो एकदम दिला की वाहून जातो, म्हणून दोन हप्त्यांत देतो. युरिया जास्त झाला की वेल माजतो आणि खाली रताळी बोटाएवढी. तेव्हा दादा, माती आधी हे मला पटतं.

कंदमूळ
बोरॉनचं कुणीच बोललं नाही. तो कमी पडला की रताळ्याची साल खरबरीत होते, कंद तडकतो. पण पाण्याचा ताण पडून एकदम पाणी दिलं तरी तडकतोच! इथे पान बघून निदान कसं करणार, इंद्रायणीकाठ? अंदाजाने बोरॅक्स (बोरॉनचं खत) टाकलं आणि हात सैल सुटला तर पीक जळतं.

इंद्रायणीकाठ
बोरॉनला मान्य, तिथे तपासणीच. लोहाला मात्र मी आधी फवारणार. मातीचा नमुना लावणीपूर्वी, उन्हाळ्यात काढायचा असतो, उभ्या पिकात नाही.