गर्भनिरोधक गोळ्यांमुळे पित्ताशयात खडे होतात का?

मनवा_के:
पीसीओडीसाठी वर्षभर हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत, त्या २१ दिवस घेऊन मग गॅप ठेवायच्या असतात ना त्याच. मध्यंतरी रात्री जेवणानंतर उजव्या बरगडीखाली इतकं दुखायला लागलं की धड बसवेना की झोपवेना, कळ मागे उजव्या खांद्यापर्यंत जात होती, अ‍ॅसिडिटीच्या गोळीने काडीचा फरक नाही आणि मग तास-दीड तासाने आपोआप थांबलं. परत तसंच झालं म्हणून सोनोग्राफी केली तर छोटे छोटे खडे निघाले. वय २८, वजन नॉर्मल, घरात कुणाला नाही. सर्जन म्हणतात पित्ताशयच काढून टाका, गोळ्यांचं विचारलं तर म्हणे गायनॅकला विचारा. गोळ्यांमुळेच झालं असेल का? बंद केल्या तर खडे जातील?

रिमझिम:
गोळ्या आधी बंद कर बाई. आणि ऑपरेशनच्या आधी ते ऑलिव्ह ऑइल लिंबू करून बघ, माझ्या नणंदेला सकाळी ढीगभर हिरवे खडे पडले.

औषधवाली:
@रिमझिम ते खडे नसतात गं, तेल आणि लिंबाचा रस पोटात मिसळून साबणासारखे गोळे होतात तेच पडतात. नणंदेची परत सोनोग्राफी केली का, ते विचार.
@मनवा, संबंध आहे, पण नेमकं गोळ्यांमुळेच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. एस्ट्रोजेनमुळे पित्तात कोलेस्टेरॉल जास्त उतरतं, आणि प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनमुळे पित्ताशय नीट आकसत नाही, म्हणजे घट्ट पित्त तिथेच साचून राहतं. गरोदरपणात खडे होतात तेही याचमुळे. एवढंच काय, साठ-सत्तरच्या दशकात हार्टसाठी म्हणून पुरुषांना एस्ट्रोजेन देऊन बघितलं होतं तर त्यांच्यातही पित्ताशयाचे आजार वाढले. जुन्या गोळ्यांत एस्ट्रोजेन ५० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त असायचं, आता बहुतेक २० ते ३५, त्यामुळे धोका असला तरी थोडाच. मध्ये डाएट करून झपकन वजन उतरवलंस का? त्यानेही होतात.
बंद केल्यावर झालेले खडे सहसा जात नाहीत. नुसता गाळ असेल तर कधी कधी जातो. विरघळवायच्या गोळ्या असतात पण फक्त छोट्या कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, महिनोन्महिने घ्यायच्या आणि नंतर परत होतातच बऱ्याच जणांना.

शांभवी२:
माझं पित्ताशय दुर्बिणीतून काढलंय, त्रास होता म्हणूनच काढलं, नुसते खडे दिसले आणि दुखत नसेल तर सहसा हात लावत नाहीत. सर्जनला गोळ्यांचं नाव स्ट्रिपसकट दाखव, रक्ताच्या गाठीचा धोका असतो म्हणून ऑपरेशनआधी थांबवायच्या का ते तेच ठरवतील. आणि गायनॅकला विचारल्याशिवाय मधेच सोडू नकोस, प्रेग्नन्सी नको असेल तर दुसरी सोय आधी कर.

मनवा_के:
वजन खरंच पटकन उतरवलं होतं, हे कुणीच विचारलं नव्हतं! मग आता पाळीसाठी काय घ्यायचं?

औषधवाली:
खडे त्रास देत असताना एस्ट्रोजेनवाली गोळी सहसा नको, असं डब्ल्यूएचओच्या निकषांतही आहे. पित्ताशय काढल्यावर मात्र बहुतेकींना परत चालते. कॉपर टीचा पित्ताशयाशी काही संबंध नाही, पण ती पाळी नियमित करणार नाही, तुझा तर तोच प्रॉब्लेम आहे. हार्मोनवाली कॉइल किंवा नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, याबद्दल गायनॅकशी बोल. तोवर तेलकट कमी खा. आणि ताप थंडी, डोळे पिवळे, लघवी गडद, किंवा दुखणं चार-पाच तास थांबतच नाही असं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत जा, रात्र असली तरी.

मनवा_के:
ओके, उद्या गायनॅकला फोन करते. स्ट्रिपचा फोटो सर्जनला आत्ताच पाठवला.