जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर प्राध्यापकी की औषध-संशोधन?

रामदासपेठकर: माझी मुलगी नागपूर विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली असून नेट परीक्षेत तिला जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्तीही मिळाली आहे. पीएच.डी. करून अध्यापनाकडे वळावे, की हैदराबादच्या एका औषध कंपनीने देऊ केलेली नोकरी पत्करावी, असा पेच आहे. एक वाट धरली की दुसरी कायमची बंद होते का?

परीक्षानळी: मी येथील महाविद्यालयात हाच विषय शिकवून निवृत्त झालो. आपल्या कन्येने प्रयोगशाळेत फॉस्फरसचे मापन केलेच असेल. मॉलिब्डेट घातल्यानंतर नळीत हळूहळू चढणारा तो निळा रंग फिस्के-सुब्बाराव पद्धतीचा, म्हणजे १९२५ सालचा. याच जोडीने पुढे हार्वर्डमध्ये स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी ही ऊर्जा पुरवणारी संयुगे शोधली, तरीही भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना तेथे कायमची जागा मिळाली नाही. १९४० मध्ये, पंचेचाळिशीत, ते लेडर्ली या औषध कंपनीत गेले आणि १९४८ मध्ये निधन होईपर्यंतच्या आठ वर्षांत त्यांच्या नेतृत्वाखाली फॉलिक आम्लाचे संश्लेषण झाले, रक्ताच्या कर्करोगावरील ॲमिनोप्टेरिन आले आणि हेट्राझनही आले. हेट्राझन म्हणजे हत्तीरोगाच्या मोहिमेत आशाताई समोर उभ्या राहून गिळायला लावतात तीच डीईसीची गोळी. विदर्भात तिची ओळख करून द्यायला नको.

वर्धारोड: सरांचे उदाहरण मोठे आहे, पण आता वाट इतकी मोकळी राहिलेली नाही. मी बारा वर्षे कंपनीत विकरांवरील (एन्झाइमवरील) चाचण्या केल्या. एका रेणूवर आमची अडीच वर्षे गेली. नळीत तो उत्तम चालत होता, परंतु उंदरांच्या रक्तातील एएलटी, म्हणजे यकृताला इजा झाल्याची खूण, चढू लागले आणि सोमवारच्या बैठकीत वीस मिनिटांत प्रकल्प गुंडाळला गेला. गोपनीयतेमुळे त्यावर शोधनिबंध लिहिता आला नाही, आणि पुढे प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, ‘प्रकाशने किती?’ पीएच.डी. करून कंपनीत जाणे त्या मानाने सोपे. जेआरएफचे दरमहा ३७,००० रुपये मुदतीत घेतले नाहीत तर हातचे जातात. शिवाय नेमणूक कोणत्या विभागात आहे ते नीट पाहा. एचपीएलसी या घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर रोज बॅचची शुद्धता तपासणे हे संशोधन नव्हे.

परीक्षानळी: याच्याशी मी सहमत आहे. लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था किंवा पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पाहावी. मात्र संस्थेच्या नावाआधी मार्गदर्शकाचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडतात, याची चौकशी करावी.

रामदासपेठकर: दोघांचेही आभार. नेमणूकपत्र पुन्हा काढून वाचले. त्यात विभागापुढे ‘गुणवत्ता नियंत्रण’ असे लिहिले आहे. पगाराचा आकडा पाहण्याच्या नादात ती ओळ आम्ही कोणीच वाचली नव्हती.