पानक्रमांक, प्रकरणक्रमांक : तुम्ही कसे मार्गी लावलेत?

परवा रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. वर्डमध्ये टाइप केलेला १४० पानांचा प्रबंध, सकाळी बाइंडिंगला द्यायचा आणि मुखपृष्ठावर ठसठशीत १ आलेला. तो पुसला की सगळ्या पानांचे आकडे जायचे. ती कळव्याला, मी माजिवड्याला. फोनवर एकेक पायरी सांगता सांगता दीड वाजला. टायपिंगच्या क्लासात वेग मोजतात, पण दस्तऐवजाचे विभाग कसे पाडायचे हे तिला कुणीच शिकवलं नव्हतं. म्हणून ठाणे आणि नवी मुंबईतल्या सगळ्यांना विनंती : प्रबंध असो, स्मरणिका असो की कोर्टाचे कागद, तुम्ही कुठे अडलात आणि ते कसं सुटलं, ते इथे लिहा.

सुरुवात माझ्यापासून. भाचीने मुखपृष्ठानंतर पेज ब्रेक दिला होता. त्याने नुसतं पान बदलतं, आकड्यांच्या हिशोबाने सगळं एकच राहतं. लेआउटमध्ये ब्रेक्स, तिथे सेक्शन ब्रेकखाली नेक्स्ट पेज. मग नव्या विभागाच्या फुटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळाच्या पट्टीत, जाऊन 'लिंक टू प्रीव्हियस' बंद. ते बंद होईपर्यंत पुढे हात लावू नका, कारण तोवर दोन्ही फुटर एकमेकांना बांधलेले असतात. त्यानंतर फॉरमॅट पेज नंबर्समध्ये 'स्टार्ट अ‍ॅट' १, आणि मुखपृष्ठावरचा आकडा पुसायचा. ऋणनिर्देश, अनुक्रमणिकेला रोमन आकडे हवेत? त्यांचा आणखी एक विभाग.

नौपाडा, ठाणे. टायपिंग-बाइंडिंगचं दुकान

आमच्याकडे अजूनही बरंच काम जुन्या, युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टांत येतं. त्या फॉन्टांत इंग्रजी आकड्याच्या जागेवर मराठी आकड्याचं चित्र बसवलेलं असतं. वर्ड बिचारं इंग्रजी आकडाच घालतं, दिसतो मात्र मराठी. तोच मजकूर युनिकोडमध्ये आणला की तळाचे आकडे इंग्रजी होतात, आणि गिऱ्हाइकाला वाटतं आम्हीच काहीतरी बिघडवलं.

रोमन आकड्यांचं उलटं. एक काका आपलं आत्मचरित्र घरी छापून घेऊन आले. प्रस्तावनेच्या पहिल्या पानाखाली एक विचित्र अक्षर, दुसऱ्याखाली तेच दोनदा, तिसऱ्याखाली तीनदा, चौथ्यावर त्याच्या शेजारी दुसरंच काहीतरी. फाइलला व्हायरस लागला म्हणून काका हवालदिल. मी ते अक्षर मोजलं आणि उलगडा झाला : हे रोमन एक, दोन, तीन, चार. फुटर मराठी फॉन्टात राहिलं होतं, आणि रोमन आकडे म्हणजे शेवटी इंग्रजी अक्षरंच, त्यामुळे त्यांच्या जागी फॉन्टातलं मराठी चित्र उमटत होतं. फुटरमधला आकडा निवडून टाइम्स न्यू रोमन केला, सगळं जागेवर आलं. काकांनी खुर्चीत बसून पाणी मागितलं, इतका त्यांचा जीव टांगणीला लागला होता. आयुष्यभराचं लिखाण होतं ते.

युनिकोडमध्ये मराठी आकडे हवे असतील तर एमएस ऑफिसच्या भाषांमध्ये संपादनासाठी हिंदी जोडा. मग पानक्रमांकाच्या नमुन्यांत १, २, ३ मिळतात. आकडे दोन्ही भाषांना सारखेच.

बेलापूर. सल्लागार कंपनीत अहवाल तयार करते

आमच्या अहवालांना सलग पानक्रमांक नसतात, ४-१२ असे असतात : चौथं प्रकरण, बारावं पान. कारण साधं आहे. चौथ्या प्रकरणात बदल आला आणि पाच पानं वाढली, तर सलग क्रमांकात पुढची २०० पानं पुन्हा छापावी लागतील. प्रकरणवार क्रमांक असले की तेवढं प्रकरण काढून नवं लावता येतं.

वर्डमध्ये यासाठी 'इन्क्लूड चॅप्टर नंबर' आहे, पण प्रकरणाचा आकडा हाताने टाइप केलेला असेल तर तो वर्डला दिसतच नाही. शीर्षकाला हेडिंग १ शैली द्यायची आणि ती शैली मल्टिलेव्हल लिस्टला, म्हणजे आपोआप क्रमांक देणाऱ्या यादीला, जोडायची. प्रत्येक प्रकरण वेगळ्या विभागात, प्रत्येकाची सुरुवात १ पासून. एक चूक मी नव्या मुलांच्या फाइलींत सतत बघते : ऋणनिर्देशालाही हेडिंग १ देतात. मग ऋणनिर्देश होतो प्रकरण १ आणि प्रस्तावना प्रकरण २. त्यासाठी दिसायला तशीच, पण क्रमांक नसलेली वेगळी शैली बनवून ठेवा.

ऐरोली

छापण्याआधी कंट्रोल-ए आणि एफ९, म्हणजे सगळं निवडून अनुक्रमणिका आणि आकडे ताजे करा. अनुक्रमणिकेबद्दल विचारलं तर 'अपडेट एन्टायर टेबल'. माझ्या प्रकल्पाच्या अनुक्रमणिकेत पानक्रमांकाच्या जागी 'एरर! बुकमार्क नॉट डिफाइन्ड' छापून आलं होतं, सहाही प्रतींत. शीर्षकं मी आदल्या रात्री बदलली होती.

खारघर. सोसायटीची स्मरणिका

मी वर्डऐवजी लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. स्मरणिका बरोबर ४८ पानांची, म्हणजे १६ पानांचे ३ फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापायच्या पानांचे गट). सुरुवातीची ५ पानं निवेदनाची, नंतर १ पासून ४३. छापखान्यातून निरोप आला, पानं ४९ भरतायत. स्क्रीनवर मोजली तर ४८, पीडीएफमध्ये ४९.

कारण असं की लिबरऑफिस विषम पान नेहमी उजवीकडेच ठेवतं. पाचवं पान उजवीकडे, त्याच्यामागून पुन्हा १ आला, तोही उजवीकडेच हवा. म्हणून मध्ये एक कोरं पान आपोआप घातलं जातं. पीडीएफ काढताना अशी पानं वगळण्याची सोय आहे, पण मग छापील पुस्तकात १ डावीकडे आला असता. शेवटी निवेदन ४ पानांत बसवलं आणि मागे देणगीदारांच्या यादीला एक पान जास्त दिलं. ४ आणि ४४. यादीचा टाइपही त्यामुळे वाचण्याजोगा मोठा झाला.

ठाणे. वकिलांकडे कारकून

जोडपत्रं स्कॅन केलेली असतात, त्यामुळे वर्डमधले क्रमांक उपयोगी पडत नाहीत. सगळं एका पीडीएफमध्ये जोडून झाल्यावरच सलग क्रमांक टाकतो आणि मग अनुक्रमणिका भरतो. आधी भरली तर हमखास चुकते.

ठाणे पूर्व. निवृत्त मुद्रितशोधक

रोमन आकड्यांबद्दल सगळे लिहितायत म्हणून हे सांगते. आपल्या जुन्या मराठी पुस्तकांत प्रस्तावनेची पानं अक्षरांत मोजलेली असतात : एक, दोन, तीन. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं. तिथे जुनी पुस्तकं चाळताना ही अक्षरी पानं मी कितीदा पाहिली आहेत. मुख्य मजकूर आधी छापून व्हायचा, प्रस्तावना सगळ्यात शेवटी यायची, म्हणून तिची मोजणी वेगळी.

मैत्रिणीच्या कवितासंग्रहाला मी तसंच केलं. प्रस्तावनेची ८ पानं, ८ विभाग, प्रत्येकाचं 'लिंक टू प्रीव्हियस' बंद आणि फुटरमध्ये हाताने लिहिलेला शब्द. प्रस्तावनेतला एकही शब्द आता हलणार नाही असं तिच्याकडून कबूल करून घेतलं, मगच बसले. एक दुपार गेली. पुस्तक हातात आलं तेव्हा तिने आधी तीच पानं उघडली. डावीकडे खाली 'आठ', आणि समोर पहिली कविता, पान १.