मदत हवी आहे: मुलांचा आत्मविश्वास मोजायला गेले आणि आकडा घसरला!

नमस्कार मंडळी,

पुणे जिल्ह्यातल्या एका जि. प. शाळेत दर शनिवारी सहावी-सातवीच्या ३१ मुलांना शिकवायला जाते. यंदा पुठ्ठ्याची हलती खेळणी केली. खोक्यात बांबूची काडी आडवी, तिच्यावर लंबगोल चकती. काडी फिरवली की वरचा कोंबडा दाणे टिपतो. गोष्ट, रंगकाम, जोडणी, सगळं मुलांचंच.

पैसे देणाऱ्या कंपनीला आता 'इम्पॅक्ट' हवाय. प्रश्नावली केली होती: दहा विधानं, चार पर्याय. साचा समाजशास्त्रज्ञ रोझेनबर्गच्या १९६५च्या, आत्मसन्मान मोजणाऱ्या श्रेणीचा, विधानं आमची. 'मला काहीही बनवता येतं' यावर जूनमध्ये सरसकट 'पूर्ण सहमत'. आता निम्मी पोरं नुसत्या 'सहमत'वर आलीत. कागदावर आमच्या प्रकल्पाने आत्मविश्वास कमी केलाय!

आणि डोळ्यांना दिसतं ते असं: चकती निसटली म्हणून जिने पहिल्या शनिवारी खोकं बाकाखाली लपवलं होतं, ती परवा म्हणते, "ताई, भोक मोठं झालंय, आत स्ट्रॉचा तुकडा घालू?" मी हो म्हणायच्या आत घातलासुद्धा. हे कुठल्या रकान्यात भरू?

कल्पकतेसाठी मानसशास्त्रज्ञ गिलफर्डची ती विटेची चाचणी घेतली (विटेचे जमतील तितके उपयोग सांगा). एकाने दोनच लिहिले. नंतर पाणी पिताना तोंडी नऊ सांगितले, त्यात विटेची पूड करून रांगोळीत भरणं हेही. म्हणजे मी लिहिण्याचा वेग मोजला, दुसरं काय!

तुलनेला दुसरी तुकडी नाही. शेजारच्या गावातल्या शाळेला पुढच्या वर्षी हाच प्रकल्प देणार आहोत, तोवर त्यांच्या नोंदी घेतल्या तर चालेल का? आणि खेळण्यांना गुण कोणी द्यायचे? मी दिले तर मला सगळीच गोड वाटतात.

प्रतिसाद १
ताई, घसरण झालेली नाही, मुलांची मोजपट्टी बदललीय. जूनमध्ये 'बनवणं' म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नव्हतं. आता विचारा: "जूनमध्ये तुला कितपत जमत होतं, असं आज वाटतं?" यातही मुलं तुम्हाला बरं वाटावं म्हणून वाढवून सांगतील, तेव्हा फक्त यावर विसंबू नका. विधानंही नेमकी हवीत. 'काहीही' नको, 'अडकलेली काडी मी एकटी मोकळी करू शकते' असं. मानसशास्त्रज्ञ बांडुराचं म्हणणंच आहे की हा विश्वास त्या त्या कामापुरता असतो. वीट तोंडी घ्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा. शेजारची शाळा चालेल, पण दोन्हीकडे चाचणी एकाच आठवड्यात घ्या. गुणांसाठी त्या कामातले तीन जाणकार घ्या, एकमेकांशी न बोलता गुण देऊ देत. कुठलं खेळणं आधीचं, कुठलं नंतरचं, हे त्यांना सांगू नका.

धागाकर्ती
आभार! जूनची खोकी सुदैवाने कपाटात आहेत, उंदरांनी दोन कुरतडलीत. जाणकार म्हणून गावातले सुतारकाका चालतील ना? कोंबडा बघून त्यांनी आधी काडीचं माप विचारलं होतं.