मदत हवी आहे : जर्मनीतील कायम वास्तव्याचा परवाना आणि पालकत्व रजा

नमस्कार. मी साडेतीन वर्षांपासून म्युनिकमध्ये जोडीदाराच्या परवान्यावर राहत असून, यजमानांना ब्लू कार्डाच्या (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीच्या निवास परवान्याच्या) आधारे कायम वास्तव्याचा परवाना मिळालेला आहे. अशा व्यक्तीच्या जोडीदाराला तीन वर्षांनंतर, आठवड्याला किमान २० तासांची नोकरी असल्यास, तोच परवाना देण्याची तरतूद जर्मन निवास कायद्याच्या कलम ९(३अ) मध्ये आहे.

माझी जर्मन भाषेची बी-१ (मध्यम पातळीची) परीक्षा झाली आहे. ‘लेबेन इन डॉइचलांड’ या, जर्मनीतील कायदे व समाजजीवनावरील चाचणीत ३३ पैकी २९ उत्तरे बरोबर आली; परवान्यासाठी १५ पुरतात. अडचण नोकरीची आहे. माझा करार २४ तासांचा व कायमस्वरूपी असला, तरी बाळंतपणानंतर मी सध्या पालकत्व रजेवर आहे, म्हणजे करार चालू आहे, काम मात्र बंद. परदेशी नागरिक कार्यालयाला दोनदा ईमेल केला, तेव्हा पोच तेवढी आली (तीही यंत्राने पाठवलेली). सल्ला केंद्रात ‘अधिकाऱ्यावर अवलंबून’ असे मोघम उत्तर मिळाले. पाच वर्षांचा नेहमीचा मार्ग मला ठाऊक आहे, तो कृपया सुचवू नये. रजेत ३२ तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येते हेही माहीत आहे, परंतु ऑगस्टपूर्वी पाळणाघरात जागा नाही.

रजेवर असतानाच या कलमाखाली अर्ज केलेल्या कोणाचा अर्ज मंजूर झाला आहे का, आणि त्यासाठी जुन्या पगारपावत्या व मालकाचे पत्र पुरले, की प्रत्यक्ष कामावर रुजू व्हावे लागले?